पडद्यावरचा रिकामा हात

तो सिनेमा वाईट होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या वेळी मी नेमकं याच्या उलट लिहिलं होतं आणि ते छापून आलं होतं.

सिनेमा भुताचा. एक जमीनदार दागिन्यांसाठी बायकोला तळ्यात ढकलतो, दुसरी करून आणतो, आणि मग पहिली पाण्यातून वर यायला लागते. निथळतं लुगडं, मोकळे केस आणि पुढे पसरलेला हात. माझ्या बांगड्या दे, एवढंच तिचं मागणं. मुंबईच्या वर्तमानपत्रांनी या सिनेमाची सालटी काढली होती. भुताची भिंतीवर सावली पडते, भुताच्या पायात वहाणा दिसतात, इतके दिवस पाण्यात राहून भुताचं कुंकू फिसकटत नाही, असं एकेक काढून त्यांनी हसून घेतलं होतं. असल्या सिनेमांनी अडाणी लोकांची डोकी आणखी बिघडतात, असा सगळ्यांचा सूर. अडाणी लोक म्हणजे आम्हीच. आमच्या गावी, मानवतला, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मॅनेजरकडे ही पत्रं शिळी होऊन यायची आणि मी ती मागून आणून वाचायचो.

मी तेव्हा विशीत होतो. दुसरी मोठी लढाई चालू होती, राज्य निजामाचं. परभणीच्या शाळेत उर्दूतून शिकून आलो होतो, मराठी घरच्या घरी गिरवलेलं. हैदराबादेहून एक मराठी साप्ताहिक निघायचं, त्यात माझी दोन-चार टिपणं आली होती. कापसाचा बाजार कसा आहे, जत्रा कशी झाली, असली. तेवढ्यावर गाव मला लेखक म्हणायला लागलं. कचेरीत उर्दू, शाळेत उर्दू, पाटीवर उर्दू. मराठीत छापून यायची ती पोथी, नाही तर पंचांग. त्यामुळे मराठीत छापलेलं खोटं असू शकतं, हे आमच्या लोकांच्या डोक्यातच येत नसे. पुढे जे झालं ते यामुळे झालं, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. ते माझ्यामुळे झालं.

आमचं घर लिंगायत वाण्याचं, कापसाच्या आडतीचं. अप्पा, माय आणि आम्ही तीन भाऊ. थोरले अण्णा, मग मधला, मग मी. दोन्ही भावांची लग्नं झालेली. थोरल्या वहिनी पालमकडच्या, हाडापेरानं मजबूत, बोलायला फटकळ. धाकट्या वहिनी पाथरीच्या; त्यांचं दिवसभराचं बोलणं एका मुठीत मावलं असतं. त्यांना मूल नव्हतं. मधल्या भावाला दुसरी करून आणायची होती आणि एरवी कशालाच नाही न म्हणणारी ही बाई त्या एका गोष्टीला हो म्हणत नव्हती. भावाचा हात चालायचा. आम्हाला सगळ्यांना ऐकू यायचं. ऐकायचो, जेवायचो, झोपायचो.

एका दुपारी मी माडीवर पडलो होतो. खाली कापसाच्या कोठीत दोघांचे आवाज चढले. धाकट्या वहिनी म्हणाल्या, "माज्या जितेपनी सवत आनू देनार न्हाई." मग काहीतरी आपटलं. मग कापसात पाय रुतताना होतो तसा आवाज, बराच वेळ. मग काहीच नाही.

मी कूस बदलली. एवढंच केलं.

दिवस मावळताना त्या परड्यातल्या विहिरीत सापडल्या. पाणी शेंदताना पाय घसरला, असं मधल्या भावानं सांगितलं. पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब आले. "पाँव फिसल गया, और क्या," असं म्हणून त्यांनी तसं लिहून घेतलं आणि चहा पिऊन गेले.

आमच्यातली एक रीत इथं सांगावी लागते, नाही तर पुढचं समजणार नाही. आमच्याकडे गळ्यात इष्टलिंग असतं. चांदीच्या डबीत, दोऱ्यात ओवलेलं. ते जन्मभर अंगावेगळं करायचं नाही. मेल्यावर आम्ही जाळत नाही. मांडी घालून बसवतो आणि पुरतो. पुरताना गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवतात. ते हातात घेऊन माणूस शिवात मिळून जातो, मागे काही उरत नाही. म्हणून आमच्यात भूत नसतं. गावातले बाकीचे लोक चेष्टा करायचे, "वान्याचं भूत कसं हुईल? मेल्यावर बी दुकानात बसल्यावानी मांडी घालून बसतंय. गिऱ्हाईक आल्याबिगर उठंल का ते?"

धाकट्या वहिनींना शेवटची आंघोळ थोरल्या वहिनींनी घातली. गळ्यात लिंग नव्हतं. मानेवर दोरा ओढून तुटल्याचा वळ होता. आणि अंबाडा सोडला तर आत, ओल्या केसांत, कापूस. वहिनींनी मायला ते दाखवलं. माय म्हणाली, "लिंग हिरीत पडलं आसंल. आन् कापसाचं काय घिऊन बसलीस? वान्याच्या घरात कापूस कुठं नसतो?"

आमचे विधी करणारे स्वामी म्हणाले, थांबा, दुसरं लिंग आणून त्याची पूजा करून देतो. अप्पांना थांबायचं नव्हतं. शेवटी मेलेल्या मुठीत विभूती भरली, मूठ मिटवली आणि माती ओढली. रिकाम्या हातानं पुरली तिला. आमच्यात याहून वाईट काही नाही.

लिंग विहिरीत नव्हतंच. दुसऱ्या दिवशी कोठीतला कापूस पोत्यांत दाबून भरायला मी उतरलो आणि हाताला डबी लागली. तुटलेला दोरा तसाच. मी ती कोपरीच्या खिशात घातली. दाखवली असती तर कुठं सापडली ते सांगावं लागलं असतं, आणि ते सांगितलं की माडीवरची दुपार सांगावी लागली असती. भाऊ जेलात गेला असता, आडत बसली असती, माझं पुढचं शिक्षण गेलं असतं. हा सगळा हिशोब मी कापसात उभ्या उभ्या केला. जितका वेळ डबी खिशात घालायला लागतो तितक्यात झाला तो.

त्यानंतर थोरल्या वहिनी एकच मागत राहिल्या. विहीर उपसा. लिंग सापडलं की स्वामींच्या हातानं नेऊन तिच्या हातावर ठेवू. अण्णांना म्हणायच्या, मायला म्हणायच्या, अप्पांना ऐकू जाईल असं भांड्यांना म्हणायच्या. कुणी नाही म्हणत नव्हतं आणि कुणी मोट लावत नव्हतं. वर्षाच्या आत मधल्या भावाची दुसरी बायको घरात आली. ती त्याच विहिरीचं पाणी भरायची. बिचारीला काय माहीत.

पुढच्या उन्हाळ्यात तंबू टॉकीज आली. कापसाचा हंगाम संपला की आमच्या गाड्या उभ्या करायची जागा मोकळी पडायची. अप्पांनी ती तंबूवाल्याला दिली आणि त्याबदली घरच्या माणसांना रोज फुकट सिनेमा. तंबूवाला हैदराबादचा, ढगळ शेरवानीतला, तोंडात कायम पान. आधी दोन देवादिकांचे खेळ झाले. तिसरा हा भुताचा. दिवसा बैलगाडीवर चित्र लावून, ढोल वाजवत त्यानं तो मानवतभर फिरवला. चित्रात फक्त हात होता.

घरातल्या बायकांना न्यावं की नको यावर थोडी चर्चा झाली. अण्णा म्हणाले, "जाऊ द्या, आपन कुठं भुताला भेतो?"

मधोमध कनात, एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष. मी कनातीला लागून बसलो होतो. मधला भाऊ पुढं खुर्चीवर, जागेच्या मालकाचा मुलगा म्हणून. बाहेर इंजिन धडधडत होतं. मी मनात परीक्षण लिहीत होतो. वहाणा दिसल्या, सावली दिसली. मुंबईवाल्यांचं बरोबर होतं. बाई तळ्यात पडली तेव्हाही मला शेजारी कोण बसलंय, कोणाच्या घरात काय घडलंय, याची आठवण झाली नाही. इतकं ते मी आत दाबून भरलं होतं, पोत्यात कापूस भरावा तसं.

मग तो हात आला. पाण्यातून मनगट, मग तळवा. डावा हात होता. तळवा सरळ आमच्याकडं, रिकामा, आणि मोठा होत होत सगळा पडदा त्यानं भरून टाकला. बायकांच्या बाजूनं किंकाळी उठली, पोरं रडायला लागली. मशीन एकच, त्यामुळं रीळ संपलं की खेळ थांबायचा आणि गॅसबत्त्या पेटवायचे. रीळ नेमकं त्या हातावर संपलं. उजेड झाला. सगळे खाली बसलेले, आणि कनातीपलीकडे एकच बाई उभी. थोरल्या वहिनी.

"हात रिकामाच पुरला वो तिचा!" त्या म्हणाल्या. ओरडत नव्हत्या. अंगणातून हाक मारावी एवढाच आवाज, पण सगळ्या तंबूत गेला. "ती हिरीत पडली न्हाई. पान्यात पडलेल्या बाईच्या केसात कापूस कुठून येतो, सांगा की कुनी तरी!"

मधला भाऊ पानाला चुना लावत होता, त्याचं बोट तिथंच थांबलं.

वहिनींनी कनात हातानं खाली दाबली आणि माझ्याकडं पाहिलं. "भावजी, तुमी सांगा. तुमी माडीवर हुतात त्या दुपारी."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी वहिनींकडं पाहिलं आणि मग, काय करावं हे न सुचून, रिकाम्या पडद्याकडं पाहिलं. जणू तिथं अजून काही चालू आहे.

तेवढ्यानं झालं. बायकांतून कुणी तरी म्हणालं, "आगं माय, आंगात आलं हिच्या!" दुसरी म्हणाली, "कांदा फोडा, नाकाला लावा!" पुरुषांतून कुणी खिदळलं, "पिच्चरमदली हडळ बाहीर आली रे, धरा तिला, तिकीट काडलंय का बगा!" आणि मग एकच हसणं आणि पळापळ. अण्णांनी वहिनींना दंडाला धरून घरी नेलं. जाताना त्या ओरडल्या नाहीत. मागं वळून वळून माझ्याकडं बघत गेल्या. तंबूवाला मात्र खूश होता. माझ्या मधल्या भावाला म्हणत होता, "क्या बोलूं सेठ, हैदराबाद में बी ऐसा नै हुआ!"

सकाळी स्वामी घरी आले. ते शांत माणूस. ओसरीवर बसून अप्पांना म्हणाले, "भूतबीत आपल्यात नसतं. बाई काय म्हणाली ते मी नीट ऐकलं. ती लिंगाचं विचारतीय. विहीर उपसून टाका. सापडलं तर बरंच झालं."

"आन् न्हाई सापडलं तर?" अप्पांनी विचारलं.

"मग कुठं गेलं ते बगावं लागंल," स्वामी म्हणाले.

अप्पा हो म्हणाले. अमावास्या होऊन गेली की मोट लावतो. "आपन अमुशा मानत न्हाई, पन मोट हाकनारे मानतेत," असं सांगून त्यांनी थोडे दिवस मिळवले. स्वामी गेल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. वहिनींना माजघराशेजारच्या खोलीत कोंडलं होतं. आतून काही आवाज येत नव्हता, त्यामुळं आम्हीही हळू बोलत होतो.

"तू त्या पेपरात लिव्हतूस ना?"

"हो."

"मग लिही."

"काय लिहू, अप्पा?"

"त्या पिच्चरबद्दल लिही. लय भारी पिच्चर हाय म्हन. बाया झपाटल्या म्हन." अप्पा धार्मिक माणूस होते, रोज पूजेशिवाय पाणी घेत नसत. शेवटी म्हणाले, "भूत म्हनू दे लोकाला. भूत बरं."

भूत न मानणाऱ्या घरानं त्या सकाळी भूत मान्य केलं. भुताचा पंचनामा होत नाही.

मी दुपारी लिहायला बसलो. आणि इथं मला जास्त लाज वाटते ती ही, की ते परीक्षण चांगलं उतरलं. हात आपोआप चालला. मुंबईच्या टीकाकारांना मी एकेक करून उत्तरं दिली. सावली पडते म्हणता? आमच्या तंबूत सावलीकडं बघायची कुणाला शुद्ध होती! वहाणा दिसतात म्हणता? तो पसरलेला हात दिसल्यावर पायांकडं पाहतो कोण? आणि मग शेवटी, आमच्या गावात एका प्रतिष्ठित घरची बाई तो हात पाहून उभी राहिली, तिच्या अंगात संचार झाला आणि ती तोंडाला येईल ते बरळू लागली. कलेला याहून मोठी पावती कोणती? असं मी लिहिलं. बरळू लागली. हा शब्द मी दोनदा खोडला आणि तिसऱ्यांदा ठेवला.

टपाल टांग्यानं स्टेशनवर गेलं. ते छापून परत येईपर्यंत डबी माझ्या ट्रंकेत होती. ती विहिरीत टाकावी असं मनात आलं नाही असं नाही. टाकली असती तर उपसताना सापडली असती, निदान मेलेलीच्या हातावर पोचली असती. वहिनी खोट्या पडल्या असत्या, पण त्या तशाही पडणारच होत्या. मी टाकली नाही. चांगुलपणानं नव्हे. विहिरीकडं एकट्यानं जायची मला भीती वाटली. भुतावर परीक्षण लिहिणारा मी.

साप्ताहिक आलं तेव्हा ते चौकात वाचून दाखवायला मास्तरांना बोलावलं. मानवतचं नाव छापून आलंय म्हणून सगळा बाजार जमला. "बरळू लागली" या ठिकाणी लोकांनी एकमेकांकडं पाहून माना हलवल्या. ज्यांनी तंबूत स्वतःच्या कानानं तिचा शब्द न् शब्द ऐकला होता, केसातला कापूस ऐकला होता, तेच म्हणाले, "आता छापूनच आलंय म्हनल्यावर." स्वामी कडेला उभे होते. ते माझ्याजवळ आले. मला वाटलं काही विचारतील. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वादाला ठेवतात तसा, आणि निघून गेले. विहीर उपसायचं पुन्हा कुणी काढलं नाही.

तंबूवाल्यानं ते पान कापून पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि पुढच्या प्रत्येक गावात तंबूच्या तोंडाशी लावलं. मानवतच्या बाईला झपाटणारा पिक्चर म्हणून तो पाथरीला चालला, पालमला चालला. पालम वहिनींचं माहेर. त्यांच्या भावानं तो पुठ्ठा वाचला आणि तो बहिणीला न्यायला आला नाही.

आता लिहायला जड जातं ते. अंगातलं काढायला म्हणून वहिनींना लांबच्या एका भगताकडं नेलं. सोबतीला अण्णा आणि मी. भगतानं कडुलिंबाचे फोक घेतले आणि विचारलं, "कोन हाईस तू? बोल!"

"मी थोरली सून हाय."

फोक बसला. "खरं बोल, कोन हाईस?"

"मी मीच हाय वो. दुसरी कोन असनार?"

पुन्हा फोक. अण्णा तोंड फिरवून उभे होते. हे बरंच चाललं. शेवटी वहिनींनी धाकट्या जावेचं नाव घेतलं, मी ती हाय म्हणाल्या, जाते म्हणाल्या. भगत म्हणाला, झालं, गेलं, बाई बरी झाली. परत येताना गाडीत त्या मला एवढंच म्हणाल्या, "भावजी, आता खोटं बोलले तवा सुटका झाली बगा."

त्या बऱ्या झाल्या असं सगळे म्हणायचे, पण त्यांच्या बोलण्याला पुन्हा कधी वजन आलं नाही. दुकानात उंदीर झालेत म्हणाल्या तर माय म्हणायची, तिचं काय ऐकता. वरणात मीठ कमी आहे म्हणाल्या तर लोक आधी दुसऱ्याला चाखायला लावायचे. हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं. फटकळ बाई ती. चुलीपुढं बसून नुसती भाकरी थापायची.

माझं मात्र चांगलं चाललं. त्या परीक्षणानंतर साप्ताहिकानं मला सिनेमाचं सदर दिलं. निजामी जाईपर्यंत आणि गेल्यावरही मी ते लिहीत राहिलो, पुढे मोठ्या पत्रांतही लिहिलं. लोक मला सिनेमातला जाणकार म्हणतात. भुताच्या सिनेमावर मी नंतर कधी लिहिलं नाही. संपादकांनी कारण विचारलं की सांगायचो, तो प्रकार मला हलका वाटतो. त्यांना ते माझ्या अभिरुचीचं लक्षण वाटायचं.

अप्पा गेले, माय गेली, अण्णा गेले. मधला भाऊ गेल्या वर्षी गेला. तो गेल्यावरच मी हे लिहितोय, हेही नोंदवतो. त्याला मुलं झाली होती, नातवंडं झाली होती, गावात मान होता. त्याला मांडी घालून बसवलं, बेल वाहिला आणि त्याच्या डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवलं. सगळं रीतीनं झालं. खड्ड्याच्या काठावर बायकांत थोरल्या वहिनी उभ्या होत्या, कमरेत वाकलेल्या. त्या त्याच्या तोंडाकडं पाहत नव्हत्या. आधी त्याच्या हाताकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. तंबूत पाहिलं होतं तसं.

चौदाव्यानंतर मी डबी घेऊन त्यांच्या खोलीवर गेलो. पुतण्यानं त्यांना मागच्या अंगाला एक खोली दिली आहे. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी डबी काढून त्यांच्यासमोर ठेवली. चांदी काळी पडली होती, दोरा कुजून गेला होता. त्यांनी हात लावला नाही.

"कोठीत हुती ना?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"दुसऱ्या दिशी कापूस भरायला तुमीच उतरला हुतात. वर आलात तवा खिशावर हात हुता. जेवताना बी काडला न्हाई."

"मग सांगितलं का नाही, वहिनी?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी लहान असतो तर मार बसला असता. "सांगितलं की. समद्या तंबूला सांगितलं. आनकी कुनाला सांगायचं हुतं?"

मी डबी त्यांच्याकडं सरकवली. म्हणालो, तुम्ही घ्या, स्वामींच्या मुलाला सांगून तिच्या जागी नेऊन ठेवू. त्यांनी ती शेंगाच्या टरफलासारखी बोटानं परत माझ्याकडं लोटली.

"माज्याजवळ नगं. लोक म्हनतील, हिला भुतानं आनून दिलं."

"मी सांगतो लोकांना. उद्याच सांगतो. ओसरीवर सगळ्यांना बोलावून—"

"तोंडानं सांगितलेलं मी बी सांगितलं हुतं, भावजी. त्याचं काय झालं?" पुन्हा शेंगा फोडायला लागल्या. "तवा तुमी लिव्हलं हुतं. छापून आनलं हुतं. आता बी लिव्हा. मी बरळले न्हाई म्हनून लिव्हा. छापून आना, मग ठिवू तिच्या हातावर. आदी न्हाई."

म्हणजे बरळणं त्यांना ठाऊक होतं. चौकातलं वाचन त्यांनी कोंडलेल्या खोलीतून ऐकलं असणार, किंवा कुणी हौसेनं येऊन सांगितलं असणार. मी विचारलं नाही.

तर लिहितो. माझ्या थोरल्या वहिनी त्या दिवशी तंबूत बरळल्या नाहीत. त्यांच्या अंगात काही आलं नव्हतं. त्यांनी सांगितलं ते सगळं खरं होतं. माझ्या धाकट्या वहिनींना माझ्या भावानं आमच्या कापसाच्या कोठीत मारलं आणि विहिरीत टाकलं. मी माडीवर होतो. लिंग मला सापडलं. परीक्षण मी लिहिलं. आणि तो सिनेमा अगदी सामान्य होता. त्यातल्या हातानं कुणालाही झपाटलं नाही.

निघताना मी वहिनींना म्हणालो, छापून आलं की मी स्वतः येऊन वाचून दाखवतो. त्यांना अक्षर येत नाही.

"तुमी नगं," त्या म्हणाल्या. "शेजारची पोरगी सातवीत हाय. ती वाचंल. कागदावर एक आन् तोंडात एक, असं तुमचं असंल तर मला काय कळनार?"

म्हणून शक्य तितकं सोपं लिहिलं आहे. पोरगी कुठं अडखळू नये.